अँड्रॉइड ओपन सोर्स आहे ना, मग आपणच का नाही बनवायचं?

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. कमांडही देवनागरीतच लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

हडपसरहून एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला होता. तिचा फोन चार वर्षांचा आहे. बॅटरी ठीक, स्क्रीनला ओरखडा नाही, पण कंपनीनं अपडेट बंद केले. सिक्युरिटी पॅच दीड वर्षापूर्वीचा दिसतो आणि त्याच फोनवर तिचं यूपीआय आहे, कॉलेजची फी आहे, सगळंच आहे. तिचा प्रश्न सरळ होता: "अँड्रॉइड ओपन सोर्स आहे असं तूच मागे म्हणालास. मग कोड घ्यायचा, बिल्ड करायचा, फोनमध्ये टाकायचा. अडतंय कुठे?"

बरोबर विचारलंस. अडतंय, पण लोकांना वाटतं तिथे नाही अडत.

आधी 'कोड घ्यायचा' हेच बघू. आपल्या डोळ्यांसमोर एक झिप फाइल येते. प्रत्यक्षात अँड्रॉइड ओपन सोर्स प्रोजेक्ट, म्हणजे एओएसपी, हा एक हजाराहून जास्त वेगवेगळ्या गिट रिपॉझिटरींचा गठ्ठा आहे. घड्याळाचं ॲप एकीकडे, ब्लूटूथ दुसरीकडे, सी भाषेची लायब्ररी तिसरीकडे. प्रत्येकाचा इतिहास वेगळा, सांभाळणारे लोक वेगळे. हे सगळं एकत्र आणायला 'रेपो' नावाचं एक छोटं टूल आहे आणि त्याला दिशा देणारी एक फाइल आहे, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. मॅनिफेस्ट म्हणजे लग्नाच्या सामानाची यादी समजा: कुठली वस्तू, कुठल्या दुकानातून, कुठल्या मापाची, आणि घरी आणून कुठल्या खोलीत ठेवायची. 'रेपो इनिट' केलं की यादी हातात येते, 'रेपो सिंक' केलं की टेम्पो निघतो.

टेम्पो मोठा लागतो बरं का. गूगलच्याच सूचनांनुसार सोर्ससाठी २५० जीबी आणि बिल्डसाठी आणखी १५० जीबी, म्हणजे ४०० जीबी रिकामी जागा धरायची. जुना इतिहास नको असेल तर 'डेप्थ' एकवर ठेवून डाउनलोड बराच कमी करता येतो. होस्टेलच्या वायफायवर असाल तर ते कराच, नाहीतर रूममेट बोलणं टाकतील.

आता हे सगळं उतरल्यावर समोर पंचवीस-तीस फोल्डर दिसतात आणि माणूस गांगरतो. म्हणून मी एकच धागा पकडून आत शिरायला सांगतो. फोनची भाषा मराठी केली की सेटिंग्जच्या ॲपमध्ये मराठी शब्द दिसतात ना? ते शब्द येतात कुठून?

'पॅकेजेस' फोल्डरात 'ॲप्स', त्यात 'सेटिंग्ज', त्यात 'रेस', आणि त्यात 'व्हॅल्यूज' नावाचे ढीगभर फोल्डर. प्रत्येकाच्या शेपटीला भाषेचा कोड. मराठीचा आहे 'एमआर'. 'व्हॅल्यूज-एमआर' उघडा, 'स्ट्रिंग्ज' नावाची एक्सएमएल फाइल उघडा, आणि सेटिंग्ज ॲपमधले मराठी शब्द तिथे साध्या मजकुरात लिहिलेले सापडतात. अँड्रॉइडमध्ये मराठी अधिकृतपणे आली ती ५.० पासून, २०१४ च्या शेवटी. त्याच खेपेला कन्नड, तेलुगू, तमिळ, बंगाली, मल्याळम याही आल्या. एखादं भाषांतर वाचून तुम्ही कधी कपाळावर हात मारला असेल तर त्या भाषांतराचा पत्ता हा.

पण शब्द फाइलीत असणं आणि स्क्रीनवर दिसणं यात फरक आहे. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र हवा. तो जमला नाही की 'दुसर्‍या'च्या जागी भलतंच काहीतरी उमटतं आणि मराठी माणसाला ते लगेच खटकतं. हे जुळवण्याचं काम करते हार्फबझ नावाची लायब्ररी. ती कुठे आहे? 'एक्स्टर्नल' फोल्डरात. अँड्रॉइडनं बाहेरच्या प्रकल्पांकडून जे जे घेतलं ते सगळं या 'एक्स्टर्नल'मध्ये राहतं, आणि शेकड्यांनी आहे. अक्षरांचे फॉन्टही तिथेच, हल्ली नोटो कुटुंबातले.

इथे पुण्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. नोटोच्या आधी, अँड्रॉइड ४ च्या काळातल्या फोनांच्या फॉन्ट फोल्डरात 'लोहित-देवनागरी' नावाची फाइल असायची. लोहित म्हणजे लाल. नाव तसं का, तर ते फॉन्ट खुले केले रेड हॅटनं. पण मूळ अक्षरं रेड हॅटची नव्हती, ती पुरवली होती मॉड्युलर इन्फोटेकनं. हो, श्रीलिपीवाली आपली पुण्याची कंपनी. ज्या काळात डीटीपीवाला म्हटलं की श्रीलिपी हे समीकरण होतं, त्या घरातली ही अक्षरं. पुढे लोहितची देखभाल केली ती रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी. सप्टेंबर २०११ मध्ये लोहितचं लायसन्स जीपीएलवरून ओपन फॉन्ट लायसन्सवर आलं, म्हणजे तो फॉन्ट दुसऱ्या कुठल्याही वस्तूत घालून द्यायला आणखी सोपा झाला. एका शहरात आखलेली अक्षरं जगभरच्या फोनांत गेली, आणि त्यासाठी कोणी कोणाशी करार करत बसलं नाही. खुल्या कोडबद्दल बोलताना लोक 'फुकट' हा शब्द फार वापरतात. मला त्यापेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

असो. झाडाच्या बाकीच्या फांद्या भराभर. 'बायोनिक' म्हणजे अँड्रॉइडची स्वतःची सी लायब्ररी. 'आर्ट' म्हणजे ॲप ज्यावर चालतात ते रनटाइम. 'फ्रेमवर्क्स' हे खरं पोट: नोटिफिकेशन, परवानग्या, खिडक्या, सगळं तिथे. 'सिस्टम'मध्ये फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागे होणारे प्रोग्रॅम. 'हार्डवेअर'मध्ये कॅमेरा, सेन्सर वगैरेंशी बोलायचे ठराव. 'डिव्हाइस' आणि 'व्हेंडर' ही दोन नावं मात्र लक्षात ठेवा, त्यांच्यापाशी आपण परत येणार आहोत. आणि 'आउट' नावाचा फोल्डर सुरुवातीला नसतोच, तो बिल्डमधून जन्माला येतो.

आता बिल्ड. तीन पायऱ्या. पहिली, 'एन्व्हसेटअप' ही स्क्रिप्ट शेलमध्ये सोर्स करायची. दुसरी, 'लंच'. हो, कमांडचं नाव खरंच लंच आहे. कुठल्या यंत्रासाठी बिल्ड करायचंय ते इथे निवडायचं. लायनेजओएसमध्ये तर 'ब्रेकफास्ट' आणि 'ब्रंच'ही आहेत. 'मिसळ' अजून कोणी आणलेली नाही, जागा रिकामी आहे. तिसरी पायरी एका अक्षराची: 'एम'. एंटर दाबायचं आणि वाट बघायची.

वाट किती? गूगलनं दिलेला अंदाज असा: ७२ कोअर आणि ६४ जीबी रॅमच्या मशीनवर पूर्ण बिल्ड साधारण ४० मिनिटं. तेवढीच रॅम पण ६ कोअर असतील तर सुमारे ६ तास. आणि ६४ जीबी रॅम ही त्यांच्या हिशेबानं किमान गरज आहे, चैन नाही. १६ जीबीच्या लॅपटॉपवर काय होतं? पंखा बोंबलतो, मशीन गोठतं, आणि मेमरी संपली की लिनक्स स्वतःच जास्त खाणाऱ्या प्रोसेसचा गळा दाबतो. स्क्रीनवर फक्त 'किल्ड' एवढा शब्द. कारण वगैरे काही नाही.

या सहा तासांत चाललेलं काय असतं? इथे मी पुरणपोळीचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणतो. डाळ शिजल्याशिवाय पुरण नाही. पुरण आणि कणीक दोन्ही तयार असल्याशिवाय पोळी नाही. पण कणीक मळायला डाळ शिजायची वाट बघायची गरज नाही, दुसरं माणूस ती मळू शकतं. डाळीचा कट निघाला की आमटी. म्हणजे कशावर काय अवलंबून आहे याचं एक जाळं आहे, आणि घरात हात जितके जास्त तितकी कामं एकाच वेळी. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक फोल्डरात एक 'अँड्रॉइड डॉट बीपी' फाइल असते. तिच्यात फक्त एवढंच लिहिलेलं असतं की इथे अमुक पदार्थ बनतो आणि त्याला तमुक लागतं. सूंग नावाचा प्रोग्रॅम अशा सगळ्या फाइली वाचून ते जाळं विणतो आणि निन्जा नावाचा प्रोग्रॅम त्या जाळ्याप्रमाणे कामाला लागतो. आधी हे काम जुन्या 'मेक'वर चालायचं. प्रकल्प इतका फुगला की मेकला नुसतं 'काय काय करायचंय' हे ठरवायलाच फार वेळ लागायला लागला, म्हणून अँड्रॉइड ७ पासून सूंग हळूहळू आत आलं.

याचा फायदा असा की आमटीत मीठ कमी पडलं म्हणून कोणी डाळ परत शिजवत नाही. सेटिंग्जच्या मराठीतला एक शब्द बदला, 'एम सेटिंग्ज' म्हणा, तेवढंच ॲप नव्यानं बनतं. काही मिनिटांचं काम. आणि लाइट गेली तर? पुण्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. गुरुवार म्हणजे पाणी नाही आणि बऱ्याचदा वीजही नाही. डेस्कटॉपवर बिल्ड लावलं आणि चौथ्या तासाला वीज गेली, तर झालेलं काम साधारण वाचतं. निन्जा परत सुरू होताना काय पूर्ण झालंय ते बघतो आणि राहिलेल्या कामापासून पुढे जातो. तरी माझा सल्ला, पूर्ण बिल्ड बुधवारी रात्री लावू नका.

शेवटी 'आउट' फोल्डराच्या पोटात इमेज फाइली मिळतात. सिस्टमची, व्हेंडरची, बूटची. या इमेज म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टम. लॅपटॉप लिनक्सवर असेल तर कटलफिश नावाचा आभासी फोन त्यातूनच उभा राहतो आणि तुम्ही बनवलेलं अँड्रॉइड खिडकीत सुरू होतं. खरा फोन लागतच नाही.

इथपर्यंत सगळं गोड आहे. कोड खुला, टूल खुली, वेळ आणि रॅमचा प्रश्न फक्त. मग हडपसरच्या त्या फोनचं काय?

तिथे 'डिव्हाइस' आणि 'व्हेंडर' आडवे येतात. 'डिव्हाइस'मध्ये असतं त्या विशिष्ट फोनचं वर्णन: पार्टिशन किती, स्क्रीन केवढी, कुठले भाग जोडायचे. 'व्हेंडर'मध्ये असतात कॅमेरा, मॉडेम, ग्राफिक्स, फिंगरप्रिंट चालवणाऱ्या बंद फाइली, ज्यांना सगळे 'ब्लॉब' म्हणतात. त्यांचा सोर्स चिप बनवणाऱ्याकडे आणि फोन कंपनीकडे. तुमच्याकडे फक्त तयार बायनरी, तीही फोनच्या आत. कस्टम रॉमवाले एक स्क्रिप्ट चालवून त्या फाइली चालू फोनमधून उपसून घेतात आणि आपल्या झाडात ठेवतात. म्हणजे एक हजार रिपॉझिटरी खुल्या असल्या तरी फोन चालतो की नाही हे त्या मूठभर बंद फाइलींवर ठरतं.

मग कर्नल? लोकांना धक्का बसतो, पण एओएसपीच्या नेहमीच्या बिल्डमध्ये लिनक्स कर्नल बनतच नाही. तो आधीच बनवून ठेवलेला असतो, नुसता उचलून बसवला जातो. कर्नलचं झाड वेगळं, मॅनिफेस्ट वेगळा. आणि कायदाही वेगळा. एओएसपीचा बराचसा भाग अपाचे लायसन्सखाली आहे. ते लायसन्स म्हणतं, घ्या, बदला, विका, आणि बदललेलं दाखवायची सक्ती नाही. म्हणून कंपन्यांची रंगीबेरंगी स्किन बंद राहू शकते. लिनक्स कर्नल मात्र जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. तिथे नियम उलटा. ज्याच्या हातात तुम्ही बायनरी दिली, त्याला तिचा सोर्स मागायचा हक्क आहे. फोन विकणं म्हणजे बायनरी देणंच. तेव्हा तुमच्या फोनच्या कर्नलचा सोर्स ही कंपनीची मेहेरबानी नाही, तो तुमचा हक्क आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ओपन सोर्स लायसन्स' नावाची जी कंटाळवाणी स्क्रीन असते ना, जी कोणी उघडत नाही, तिचा उगम हा. काही कंपन्या कोड वेळेवर देतात, काही उशिरा देतात, काही अर्धवट देतात, आणि त्या फरकावर एखाद्या मॉडेलला कस्टम रॉम मिळणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं.

आता एक प्रश्न उरतो, आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर आजचं फेडोरा किंवा डेबियन सहसा बसतं. चार वर्षांच्या फोनवर आजचं अँड्रॉइड का नाही? दोन्हीकडे लिनक्सच.

याचं अर्धं उत्तर कोड कसा मांडलाय यात आहे. फेडोरात प्रत्येक पॅकेज वेगळं राहतं, त्याची स्वतःची स्पेक फाइल असते: सोर्स कुठून आणायचा, बिल्ड कसा करायचा, कुठे बसवायचा. ब्राउझरमध्ये भोक सापडलं, तेवढं पॅकेज परत बनतं आणि तेवढंच तुमच्याकडे येतं. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे, पण त्यांचं बॉस लिनक्स चेन्नई केंद्रात घडलं, तेही डेबियनच्या अशाच मांडणीवर उभं आहे. अँड्रॉइडमध्ये उलट, सगळं एका झाडात आणि शेवटी एका फोनसाठी एक इमेज. दुरुस्ती एका ओळीची असली तरी कोणीतरी त्या मॉडेलची इमेज परत बनवून, सही करून, पाठवायला हवी. हे 'कोणीतरी' म्हणजे कंपनी, आणि कंपनीला पुढचा फोन विकायचाय.

उरलेलं अर्धं हार्डवेअरमध्ये. लॅपटॉप सुरू होताना स्वतःच सांगतो की माझ्यात हे हे बसवलंय. फोनची चिप तसं सांगत नाही, ते आधीच लिहून कर्नलला द्यावं लागतं. गूगललाही ही अडचण दिसत होती. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत ट्रेबल आलं, त्यानं व्हेंडरचा भाग आणि वरचं अँड्रॉइड यांच्यात भिंत घातली, म्हणजे वरचं बदललं तरी खालचं चालू राहील. पुढे अँड्रॉइड १२ सोबत ५.१० कर्नलवर आलेल्या फोनांपासून कर्नलचा मुख्य भागही सगळ्यांना समान केला, चिपवाल्यांचे तुकडे मॉड्यूल म्हणून बाजूला. सुधारणा आहे, नक्कीच. पण भिंतीपलीकडचे ब्लॉब जुने झाले की ते जुनेच राहतात.

पुण्यानं ही दोन्ही जगं जवळून पाहिलीत. ४ ते ६ नोव्हेंबर २०११ ला शिवाजीनगरच्या सीओईपीत फेडोराची फडकॉन परिषद भरली होती, आणि मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये जीन्युनिफाय वर्षानुवर्षं भरायची, पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या साथीनं. फडकॉननंतर आठच दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, गूगलनं अँड्रॉइड ४.० चा सोर्स खुला केला. त्या तारखेला महत्त्व होतं, कारण आधीच्या ३.० चा सोर्स कित्येक महिने दाबून ठेवला होता. तिथे बाहेरचा माणूस पॅकेज सांभाळणारा होऊ शकत होता. इथे बाहेरच्या माणसानं दार उघडायची वाट बघायची.

ते दार २०२५ मध्ये आणखी थोडं लोटलं गेलं. मार्चच्या शेवटापासून अँड्रॉइडचं सगळं काम गूगलच्या आतल्या शाखांवर चालतं, बाहेर सोर्स येतो तो आवृत्ती निघाल्यावर. बाहेरून बिल्ड करणाऱ्यांनी 'एओएसपी-मेन' ऐवजी 'अँड्रॉइड-लेटेस्ट-रिलीज' ही शाखा घ्यावी अशी सूचना आहे. जुने लेख बघून कमांड मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा सोर्स आला, पण पिक्सेल फोनांची 'डिव्हाइस' झाडं त्यासोबत आली नाहीत. पिक्सेल हा रॉम बनवणाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा नमुना फोन होता. समोर ठेवून गिरवायचा कित्ता म्हणा ना. आता गूगल म्हणतं नमुना म्हणून कटलफिश वापरा. आभासी फोनला खरा कॅमेराही नसतो आणि खरा मॉडेमही, हे मी वेगळं सांगायला नको. लायसन्स मोडलं का? नाही. कोड खुला आहे का? आहे. तरीही आपल्यासारख्यांचं काम अवघड झालं, आणि मला ही गोष्ट आवडलेली नाही.

तर, हडपसरच्या मैत्रिणीला थेट उत्तर. सगळं एओएसपी स्वतः बनवून फोनवर टाकायच्या मागे लागू नकोस. आधी तुझ्या मॉडेलचं कोडनेम शोध, दुकानातलं नाव नाही, आतलं नाव. त्या कोडनेमवर लायनेजओएसचं अधिकृत बिल्ड मिळतंय का बघ. मिळत असेल तर अवघड काम कोणीतरी आधीच केलंय, तुला इमेज तयार मिळेल. टाकण्याआधी बूटलोडर उघडावा लागेल, त्यात फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि त्यानंतर काही बँकांची ॲप चालायला नकार देतात. तुझं यूपीआय त्याच फोनवर आहे, तेव्हा हे आधी एखाद्या दुसऱ्या जुन्या फोनवर करून बघ. कोडनेम यादीत नसेल तर कंपनीनं तुझ्या मॉडेलचा कर्नल सोर्स टाकलाय का ते तपास. टाकला नसेल तर मेल करून माग, लेखी.

आणि बिल्डचा अनुभवच हवा असेल, तर लिनक्स कर्नलपासून सुरुवात कर. तीन कोटींहून जास्त ओळी, त्यातल्या निम्म्याहून अधिक नुसत्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरात, पण तुला लागतात तेवढ्याच निवडून बनवता येतात. 'मेक डेफकॉन्फिग', मग 'मेक'. साध्या लॅपटॉपवर, आठ जीबी रॅममध्ये, एका संध्याकाळी होतं.

पुढच्या भागात बूटलोडर: तो कुलूपबंद का असतो, आणि किल्ली कंपनीकडे मागावी लागते ती का. कोडनेम सापडलं की मला कळव.